पाच नंबरचा चेंडू

सृष्टीनं चेंडू मुठीत धरला, गुडघे किंचित वाकवले आणि दोरीला लोंबकळणारा लाकडी दांडा वर उडवला. दांडा हवेत एक गिरकी घेऊन चेंडूच्या माथ्यावर येऊन उभा राहिला. डुगडुगला, पण पडला नाही. तिनं मनात तीनपर्यंत मोजलं, दांडा उतरवला आणि वहीत शेवटची रेघ ओढली.

"पन्नासात त्रेचाळीस, आत्या!" ती पोटमाळ्यावरून ओरडली.

खाली शेडमध्ये आत्या एका खुर्चीच्या पायाला पॉलिश पेपर मारत होती. तिनं मान वर केली नाही.

"हात बसला असेल तुझा."

"त्यासाठीच तर रोज क्रम बदलते. काल पाच नंबर पहिला घेतला होता, आज शेवटचा. तरी तेच."

"मग बरं आहे की. खाली ये आता. वरनं धूळ पडतेय."

सृष्टी खाली आली नाही. तिनं एक नंबरचा चेंडू उचलला आणि उगाच चार वेळा दांडा उडवला. चारही वेळा तो घसरून दोरीला लटकला. लाकडावर लाकूड आपटल्याचा टकटक आवाज पत्र्याखाली घुमत राहिला. दोन महिन्यांपासून तिला हात रिकामा ठेवताच येत नव्हता.

केंडामा तिला ऑफिसातल्या एका मुलीनं दाखवला होता. जपानी खेळणं. दांड्याला दोन बाजूंना दोन वाट्या, बुडाशी एक छोटी, वर एक सुळका. आणि दोरीनं बांधलेला भोकाचा चेंडू. चेंडू वाटीत झेलायचा, सुळक्यावर बसवायचा, नाहीतर चेंडूच हातात धरून त्यावर दांडा उभा करायचा. यात सगळं अवलंबून असतं चेंडूच्या रंगावर. चकचकीत रंगावरून दांडा सटकतो. रंग जरासा चिकट असला तर थांबतो. फार चिकट झाला तर सुळका भोकात जायच्या ऐवजी काठालाच अडकतो. सृष्टीची कंपनी हिंजवडीत होती आणि तिचं काम होतं टेस्टिंगचं, म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेल्या गोष्टी कुठं मोडतात ते शोधायचं. पण जानेवारीपासून तिला प्रोजेक्ट नव्हता. रोज जायचं, दारावर कार्ड लावायचं, आठ तास बसायचं आणि परत यायचं. चेंडूचे पाच नमुने, प्रत्येकी पन्नास फेका, वही आणि रेघा, एवढंच खरं काम सध्या तिच्याकडे होतं.

एक नंबर चकचकीत पीयू पेंट: सहा. दोन नंबर मॅट: एकोणीस. तीन नंबर रबर पेंटचा एक हात: चोवीस. चार नंबर मॅटमध्ये पावडर घालून: एकवीस. आणि पाच नंबर, रबर पेंटचे दोन हात: त्रेचाळीस.

हे पाचही रंग आत्यानं बनवून, स्प्रे गननं मारून दिले होते. बिबवेवाडीतल्या त्या गल्लीत लेथवाले होते, फॅब्रिकेशनवाले होते, गाद्या भरणारे होते, आणि सगळ्यात शेवटी 'वैजनाथ स्प्रे वर्क्स' होतं. वैजनाथ म्हणजे आत्याचे यजमान. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. ते असताना आत्या रंग कालवून द्यायची; ते गेल्यावर तिनं गन हातात घेतली. गल्ली तिला गोदाबाई म्हणायची आणि तिच्या नाकाला मानायची. रंग सुकला का हे ती बोटानं बघायची, नखानं दाबून बघायची, पण शेवटचा निकाल नाकाचा. रंगवलेली वस्तू स्टीलच्या डब्यात घालून झाकण लावायचं, तासाभरानं उघडायचं आणि हुंगायचं. थिनरचा वास कोंडून राहिला असेल तर रंग आत कच्चा. आत्या "गेला" म्हणाली की माल बाहेर पडायचा.

पाच नंबरही त्या डब्यातून "गेला" होऊनच सृष्टीच्या हातात आला होता.

*

रविवारी सकाळी रविराज आला. त्याच्या घराण्याची हिंजवडीत, सृष्टीच्या ऑफिसजवळ, शेती होती. आता तिथं काचेची इमारत होती आणि तळमजल्यावर रविराजनं खेळणी आणि कॉफीचं दुकान काढलं होतं. परदेशी केंडामा विकून तो कंटाळला होता. आपल्या पुण्यात बनलेले ठेवायचे असं त्याच्या डोक्यात होतं, आणि ते ऐकल्यावर सृष्टी त्याच्यासमोर पटकन बोलून गेली होती, "माझी आत्या पेंटिंग करते."

त्यानं पाचही चेंडूंवर हात मारून बघितला. तो चांगला खेळायचा. पाच नंबरवर त्यानं सलग अकरा वेळा दांडा उभा केला. बाराव्यांदा पडला तेव्हा तो हसायला लागला.

"मावशी, हे काय केलंय तुम्ही? लई भारी हाय हे. तीन-तीन हजारांच्या केंडामाला असली ग्रिप न्हाय."

"रंग आहे. दोन हात मारलेत," आत्या म्हणाली.

"सिक्रेट हाय म्हणा की."

"सिक्रेट असतं तर पाच नंबर लिहून ठेवलं नसतं."

रविराजनं तिथंच उभं राहून मोबाइलवर व्हिडिओ काढला. दीडशे नग, सगळे पाच नंबरचे, पुढच्या महिन्याच्या पाच तारखेपर्यंत, असं सांगून तो गेला. गाडी गल्लीबाहेर वळेपर्यंत सृष्टी शेडच्या दारात उभी होती. मग ती आत आली, बाहेर गेली, पुन्हा आत आली.

"बस की एका जागी," आत्या म्हणाली. "काहून अशी फिरतेस?"

"लेथवर चाळीस चेंडू तयार आहेत. आजच मारायचे का?"

"आज रविवार आहे."

"मग उद्या?"

"उद्या. रंग पक्का करणाऱ्या हार्डनरचा तो जुना डबा आहे, तो यात संपून जाईल. उरलेल्यांना नवा आणू."

सोमवारी ती ऑफिसातून आली तेव्हा चाळीस चेंडू तारेवर ओळीनं टांगलेले होते, निळे, अजून ओले. तिला बोट लावायचा मोह आवरेना. तिनं हात पाठीमागे बांधून घेतले आणि ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत राहिली.

*

गुरुवारी संध्याकाळी कंपनीची बस वाकडच्या पुलाजवळ पाऊण तास उभी होती. सृष्टीनं खिडकीला डोकं टेकवलं, मग काढलं. बिबवेवाडी ते हिंजवडी, जायला दोन तास, यायला दोन तास, अशी दोन वर्षं. एक तारखेपासून हे संपणार होतं. ऑफिसच्या दोन मुलींबरोबर तिनं तिथंच एक खोली बघितली होती आणि होकारही कळवून टाकला होता. फक्त आत्याला सांगायचं राहिलं होतं. रोज जेवताना ती शब्द जुळवायची आणि रोज आत्या काहीतरी दुसरंच काढायची. ज्या बाईनं दोन वर्षं एक पैसा न घेता घरात ठेवून घेतलं, तिला "मी चालले" हे कसं म्हणायचं, ते सृष्टीला जमत नव्हतं.

हाताला चाळा हवा म्हणून तिनं बॅगेत हात घातला. केंडामा बाहेर येईना. चेंडू तिच्या ओळखपत्राच्या फितीला चिकटून बसला होता. तिनं फीत ओढून सोडवली. निळ्या रंगावर फितीची वीण उमटली होती, उभी-आडवी, स्पष्ट.

हा पाच नंबरचा, पहिला नमुना. रंगवून अकरा दिवस झाले होते.

तिनं चेंडू नाकाशी नेला. थिनर. बारीक, पण झोंबणारा. शेजारच्या सीटवरच्या बाईनंही नाक मुरडून तिच्याकडे बघितलं.

तिच्यातला टेस्टर जागा झाला. अकरा दिवसांत निकाल एकदाही खाली आला नव्हता. बाकीचे रंग वापरून थोडेथोडे गुळगुळीत झाले, आकडे एक-दोननं उतरले. पाच नंबर मात्र चाळिशीच्या खाली आलाच नाही. तिनं त्याला गुण मानलं होतं. पण दांडा थांबत होता तो रंग चांगला होता म्हणून नव्हे. रंग सुकलाच नव्हता. रबर पेंट सुकल्यावरही बोटाला जरा धरतो, त्यामुळे बोटानं फरक कळणार नाही. नखानंही नाही. तो फक्त नाकानं कळला असता.

आणि आत्यानं तर डबा उघडून हुंगला होता. सृष्टी समोरच उभी होती.

*

शुक्रवारी ती ऑफिसला गेली नाही. बरं वाटत नाही म्हणाली. आत्या देवपूजा आटोपून शेडमध्ये यायच्या आधी तिनं कापसाचा एक बोळा थिनरमध्ये बुडवला, स्टीलच्या डब्याच्या तळाशी ठेवला, त्यावर एक चेंडू ठेवला आणि झाकण लावलं. आपण चुकीचे ठरावं असं तिला मनापासून वाटत होतं.

"आत्या, चाळिसातला एक डब्यात ठेवलाय. वास गेला का बघ ना."

आत्यानं पदर खोचला, डबा टेबलावर घेतला, झाकण काढलं. दोन हात लांब उभ्या असलेल्या सृष्टीच्या डोळ्यांत वासानं पाणी आलं. आत्यानं डबा नाकापाशी नेला. डोळे मिटून, छाती भरून तिनं श्वास घेतला. क्षणभर थांबली, जशी ती नेहमी थांबायची.

"गेला," ती म्हणाली.

सृष्टीला खोकला आला. तिनं ओढणी नाकाला लावली. आत्यानं डोळे उघडले आणि आधी तिच्याकडे बघितलं, मग डब्यात. चेंडू बाजूला सारून तिनं ओला बोळा दोन बोटांत उचलला. त्यातून एक थेंब टेबलावर पडला.

बाहेर लेथ सुरू झालं. आत्यानं बोळा डब्यात ठेवला आणि झाकण नीट, चारी बाजूंनी दाबून लावलं.

"मला विचारायचंस ना," ती म्हणाली.

"विचारलं असतं तर सांगितलं असतंस?"

आत्यानं तारेवरचा पहिला चेंडू काढला, पॉलिश पेपरचा तुकडा फाडला आणि स्टुलावर बसून रंग घासायला लागली. कच्चा रंग पेपराला लगेच चिकटायला लागला. सृष्टीनंही एक चेंडू काढला आणि समोर बसली.

सहा-सात चेंडू झाल्यावर आत्या बोलली.

"तो ताप आला होता ना मला. त्यात गेला वास. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. वाट बघितली."

"सगळा?"

"सगळा. उदबत्तीचा नाही, लसणाचा नाही. दूध उतू गेलं तर दिसतं, म्हणून कळतं."

"आणि एवढं काम कसं केलंस?"

"चकचकीत काम नखाला कळतं. दिवस मोजते. डबा उघडते ते लोकांसाठी." तिनं पेपर झटकला. "हा रबराचा रंग पहिल्यांदाच मारला मी. फसले."

"बाबांना माहीत आहे?"

"बद्रीनाथला? त्याला कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन आला असता. शेड बंद कर, गावी चल. वाशिमला जाऊन मी काय करू? भावजयीच्या चुलीपुढं बसू?"

सृष्टी घासत राहिली. रंगाच्या निळ्या चिकट वळ्या तिच्या मांडीवर साठत होत्या. आत्याला ताप आला ते साल ती मनात शोधत होती. ते सापडलं तसा तिचा हात थांबला.

"त्याच वर्षी मला नोकरी लागली."

"हं."

"मी हिंजवडीतच हॉस्टेल बघितलं होतं, आत्या. बाबा हो म्हणाले होते. मग तू फोन केलास. पोरीला परक्या ठिकाणी कशाला ठेवतोस, माझं घर आहे म्हणालीस."

आत्यानं हातातला चेंडू फिरवून दुसरी बाजू घासायला घेतली.

"रोज रात्री विचारतेस. काही जळतंय का गं, गॅस नीट बंद झाला का बघ. मला वाटायचं, वय झालं म्हणून विचारतेस."

"एकदा राहिला होता सुरू," आत्या म्हणाली. "तू यायच्या आधी. खालची हेमा वर आली होती मेथी द्यायला. तिनं दारातूनच ओरडून सांगितलं. मी त्याच खोलीत भाजी चिरत बसले होते."

लेथचा आवाज थांबला. सृष्टीच्या मनात एकाच वेळी इतकं काही आलं की कशालाच वाट मिळेना. रोजचे चार तास. पहाटेची अर्धवट झोप. उपकाराच्या ओझ्यानं गिळलेले शब्द. आणि बंद खोलीत भाजी चिरणारी बाई. ती उठली, दारापर्यंत गेली, बाहेरच्या उन्हाकडे बघून परत आली आणि पुढचा चेंडू घेतला. संध्याकाळपर्यंत चाळीसही घासून झाले. खोलीबद्दल ती काहीच बोलली नाही. आता तर ते शब्द आणखीच जड झाले होते.

*

रविराजला तिनं शनिवारी बोलावून घेतलं. तोवर नवा हार्डनर आला होता. पहिला पाच नंबरही घासून तिनं नव्या हार्डनरनं पुन्हा रंगवून घेतला होता. हीटरजवळ ठेवून कसाबसा सुकवला होता. सकाळी डबा तिनं स्वतः उघडला होता. पन्नासात सत्तावीस. मॅटपेक्षा बरा, एक हात मारलेल्या रबरापेक्षा तीननं जास्त, बस्स.

"थोडा टेक्निकल इश्यू झालाय," तिनं सुरुवात केली. "हार्डनरची बॅच खराब निघाली, त्यामुळे—"

"हार्डनर जुना होता, ते खरं आहे," आत्या मध्येच म्हणाली. ती कॉम्प्रेसरजवळ उभी होती, हात पदराला पुसत. "पण ते मला कळायला पाहिजे होतं. मला वास येत नाही."

रविराजला आधी समजलं नाही. "कसला वास?"

"कसलाच. दोन वर्षं झाली. रंग कच्चा होता, मी सुकला म्हणून दिला. चूक माझी आहे. हिची नाही."

शेडच्या दारात लेथवाला संपत कसलं तरी माप घ्यायला आला होता. तो उंबऱ्यातच थांबला. आत्यानं त्याला बघितलं, पण बोलणं थांबवलं नाही.

"आता हिनं डबा बघितलाय. हा पक्का सुकलेला आहे. पण तसा चिकटणार नाही. घ्यायचा तर घ्या."

रविराजनं नवा पाच नंबर घेतला. दांडा उडवला. बसला. पुन्हा उडवला, घसरला. दहा वेळा केल्यावर त्यानं मान हलवली.

"म्हंजे कच्चा व्हता म्हणून भारी व्हता?"

"हो," सृष्टी म्हणाली. "हातात धरून महिनाभर खेळला असता तर कातडीसारखा सोलून आला असता."

"पण मी व्हिडिओ टाकलाय ना. लोक इच्यारायलेत. त्यात दांडा कसा बसतोय बघा."

"मग व्हिडिओ विका," आत्या म्हणाली.

रविराज तिच्याकडे बघत राहिला आणि मग त्याला हसू आलं. आत्या हसली नाही. त्यानं चेंडू टेबलावर ठेवला, पुन्हा उचलला.

"दीडशे न्हाय जमणार, मावशी. चाळीस द्या. जातायत का बघू, मंग पुढचं." दारापाशी जाऊन तो वळला. "दुसरा कुणी असता तर माल देऊन मोकळा झाला असता. मला कळलंबी नसतं."

तो गेल्यावर संपत आत आला. त्यानं माप घेतलं, कागदावर लिहिलं आणि निघताना म्हणाला, "गोदाबाई, डबा उघडायचा असला की हाक मारत जा. मी आहेच पलीकडं."

"तुझं नाक तंबाखूनं गेलंय," आत्या म्हणाली.

"तरी तुमच्यापेक्षा बरं हाय."

सृष्टीनं आत्याकडे बघितलं. दोन वर्षं झाकून ठेवलेली गोष्ट चार वाक्यांत सांगून झाली होती आणि आत्या कॉम्प्रेसरची नळी गुंडाळत होती. फक्त वेटोळं नीट पडत नव्हतं. ती पुनःपुन्हा सोडून पुन्हा गुंडाळत होती.

*

रविवारी दुपारी सृष्टी दूध आणायला खाली उतरली तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या हेमाताईंनी तिला दारात अडवलं. त्या शिवणकाम करायच्या आणि गळ्यात कायम टेप असायची.

"अगं, हा खोका घेऊन जा वर. गोदाताईंचं पार्सल. माझ्या मोबाइलवरून मागवलं होतं ना, म्हणून इथं आलं. बारा तारखेला मागवलंय, आज उगवलं."

खोक्यावर शेगडीचं चित्र होतं. विजेवर चालणारी, इंडक्शनची.

"हे कशाला?" सृष्टीनं विचारलं.

"मला म्हणाल्या, गॅस परत करायचाय. एकटीला सिलिंडरची भीती वाटते." हेमाताईंनी दाराच्या चौकटीला हात टेकला. "तू एक तारखेला चाललीस ना? मला रुखरुख लागली होती बाई. पण त्यांनीच सगळं आधी ठरवलेलं दिसतंय."

सृष्टीनं खोका घेतला. दूध आणायचं ती विसरली. खोलीला होकार तिनं अकरा तारखेला रात्री कळवला होता, गॅलरीतून, हळू आवाजात.

वर आत्या जमिनीवर बसून मेथी निवडत होती. सृष्टीनं खोका तिच्यासमोर ठेवला.

"हे आलं तुझं."

"ठेव ओट्यावर."

"तुला माहीत होतं."

"गॅलरीचं दार बंद केलं म्हणजे आवाज बंद होत नाही. नाक गेलंय माझं, कान आहेत."

"मग काही बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून वाट बघितली." आत्यानं मेथीची एक जुडी सोडली. पानं खुडली, देठ बाजूला टाकले. मग खालीच बघत म्हणाली, "दोन वर्षं पुरे झाली तुला त्या बसमध्ये."

सृष्टी ओट्यापाशी गेली, खोका फोडला, शेगडी पुसून पिन लावली. चहाचं पातेलं पाणी घालून वर ठेवलं आणि बटण दाबलं. शेगडी चीं चीं करायला लागली. पडद्यावर एक अक्षर उघडझाप करत राहिलं.

"हे काय, रडतंय का?" आत्यानं विचारलं.

"ॲल्युमिनियम आहे पातेलं. याच्यावर नाही चालत."

"माझी निम्मी भांडी ॲल्युमिनियमची आहेत."

"बघू दे."

फ्रिजच्या दारावर गॅस एजन्सीनं दिलेलं लोहचुंबक होतं. ते काढून सृष्टी फरशीवर बसली आणि तिनं मांडणीतली भांडी एकेक करून खाली घ्यायला सुरुवात केली. बुडाला लोहचुंबक लावायचं. धरलं तर उजवीकडे, नाही धरलं तर डावीकडे. डावीकडचा ढीग भराभर वाढत गेला. दोन पातेली, कढई, दुधाचं भांडं. उजवीकडे एक टोप आला, मग एक लहान तसराळं. आत्या मेथी सोडून सरकत जवळ आली आणि स्वतःच भांडी पुढं करायला लागली.

"हे?"

"नाही."

"हे तर स्टीलचं आहे."

"सगळं स्टील नाही चालत. हे नाही धरत बघ."

आत्यानं हात लांब करून बिडाचा तवा ओढला. सृष्टीनं टेकवण्याआधीच चुंबक खट्कन जाऊन बसलं. ते सोडवायला तिला नखं लावावी लागली.

"चला, भाकरीचं काम झालं," आत्या म्हणाली. "माझ्या एकटीच्या दोन."

मांडणीच्या सगळ्यात खालच्या फळीवर पाच लिटरचा स्टीलचा कुकर होता. सृष्टीनं तो दोन्ही हातांनी बाहेर काढला, आडवा केला आणि बुडाला चुंबक लावलं. धरलं.

"तो राहू दे," आत्या म्हणाली. "मोठा आहे. हेमाला देऊन टाकू. मला एकटीला काय करायचाय?"

"मी रविवारी आले की लागेल," सृष्टी म्हणाली. तिनं कुकरचं झाकण उघडून आतली शिट्टी आहे ना ते पाहिलं, कुकर उजवीकडच्या भांड्यांत ठेवला आणि पुढच्या भांड्यासाठी हात पुढं केला.